आल्याची नोंद

ज्याला मातीत ठेवलं, तो कुठे आहे असं विचारायचं नाही. चिरेरे गावातल्या शेंबड्या पोरालाही हा नियम ठाऊक होता, आणि का, असं कुणी विचारत नव्हतं. वर्ष उलटल्यावर नाचणीची दारू मुरवून थोरल्यांनी त्या माणसाचा आत्मा रानातून घरी आणायचा. तोवर त्याला हाक मारायची नाही, त्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही, आणि घरात कुणी ‘मला त्याची चाहूल लागली’ म्हणालं तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.

शुवायला हा नियम बाबामुकुरुंनी, म्हणजे तिच्या थोरल्या काकांनी, भावाच्या दफनाच्या दिवशी पुन्हा ऐकवला होता. दफन म्हणायचं एवढंच. खड्ड्यात भाऊ नव्हता. तापुवा डोंगरातल्या सोन्याच्या जुन्या खाणीच्या विवरात उतरला आणि वरची दरड आत बसली. तीन दिवस उपसूनही तो हाती लागला नाही, तेव्हा रीतीप्रमाणे बोकडाचं डोकं पांढऱ्या कापडात गुंडाळून, माणसाला झोपवावं तसं कुशीवर झोपवून पुरलं. डोकं पुरलं की माणूस पुरला. मग शोधही संपतो आणि प्रश्नही.

शुवाय तेव्हा दूर बुलावायोला कॉलेजात होती. दोन बस बदलून ती पोचली तेव्हा वरची मातीसुद्धा सुकत आली होती. एक रात्र राहिली, काकांशी भांडली, आणि परीक्षेला परत गेली. भांडण एवढंच होतं, की इतकी घाई कशाला केलीत? काकांनी नियम तेवढा सांगितला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. कॉम्प्युटरची पदवी घेऊन ती घरी आली होती, आणि उद्या सकाळी तापुवाला घरी आणायचा विधी होता. अंगणात दारूचे रांजण फसफसत होते. तीन दिवस डोंगरावरून धुकं उतरलं होतं, आणि धुक्यातूनच पाऊस झिरपत होता. दुपारी तीन वाजता कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या, इतका अंधार.

अशा त्या दुपारी तेते एरिना, तिची आत्या, मुतारे शहरातून आली. पाठीवर कापडाने बांधलेलं काहीतरी होतं, लेकरू बांधतात तसं. दारात वाकून तिने गाठ सोडली आणि आतून एक जुना प्रिंटर काढला.

“घे. आमच्या शाळेच्या ऑफिसात फेकून देणार होते,” ती म्हणाली. “कंडक्टर म्हणतो, आजी, पोर फार चौकोनी दिसतंय. म्हटलं, बापावर गेलंय.”

शुवाय हसली, आणि या घरात आपण हसलो याचं तिला नवल वाटलं.

तेतेला तापुवाचा फोटो मोठा छापून उद्या दारावर लावायचा होता. त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये तो होता. बाबामुकुरुंनी आधी नाही म्हटलं, मग तेतेने त्यांना आठवण करून दिली की उद्या तो घरी येणारच आहे, एका दिवसाने काय होतंय. थोरल्या बहिणीपुढे काकांचं फारसं चालत नसे. त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात भरली आणि शुवायकडे न बघता बजावलं, “फोटो तेवढा. बाकी कुठे बोटं घालायची नाहीत.”

“बोटं घातल्याशिवाय फोटो निघत नाही, बाबामुकुरु.”

“ऐकलंत?” काका बहिणीला म्हणाले. “ही चिहेरा, आपल्या कुळाची लेक. गव्यासारखी शिंगं घेऊनच जन्मते.”

“मीही चिहेराच आहे,” तेते म्हणाली. “त्याच कुळाच्या बायकांनी तुला वाढवलंय.”

कॉम्प्युटर समोरच्या खोलीत कोपऱ्यात होता, टेबलक्लॉथखाली. तापुवाने तो चार मोडक्या यंत्रांतून जुळवला होता. छपरावरचं सौर पॅनेल, खाली ट्रकची बॅटरी, आणि चालू करायच्या बटणावर आईसाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका. आई, म्हणजे अमाय, रोज संध्याकाळी तो ठिपका दाबायची आणि चर्चची गाणी ऐकत भाजी निवडायची. तापुवा डोंगरावरून आला की चिखलाचे बूट दारात काढायचा आणि काही बोलायच्या आधी फोन कॉम्प्युटरला जोडायचा. फोनचा दिवाच त्याला विवरात उजेड द्यायचा, आणि तो दिवसभरात संपलेला असायचा. जोडला की यंत्रातून दोन सूर निघत, एक खालचा, एक वरचा. स्वयंपाकघरात अमायला ते ऐकू येत आणि ती भांड्यात पाणी वाढवायची. मग तो म्हणायचा, दिवस कसा गेला, अमाय? आणि ती म्हणायची, तुझा बरा गेला असेल तर माझाही बरा गेला. सगळं गाव असंच बोलतं, पण त्या घरात ते दोन सूर आधी येत.

शुवायने बॅटरीची वायर लावली. ठिपका दाबला. पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

प्रिंटर जोडल्यावर दोन सूर वाजले. तेते दचकली, मग हसली. पडद्यावर पिवळा त्रिकोण आला. अनोळखी उपकरण.

“म्हणजे काय? मी पाठीवर घेऊन आले आणि हा म्हणतो ओळखत नाही?”

शुवायने तिला ते तापुवाने आपल्याला शिकवलं होतं तसंच सांगितलं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मुलीला मागणी घालायला मुलगा स्वतः येत नाही, मुन्याय येतो, मध्यस्थ. दोन्हीकडची बोली त्यालाच येते. त्याच्याशिवाय सासऱ्याच्या दारात कितीही उभे राहा, कुणी चटई टाकत नाही. यंत्राचंही तसंच. दारात काही आलं की ते विचारतं, तू कोण? आलेलं उपकरण आपलं कूळ आणि आपला क्रमांक सांगतं. मग यंत्र त्या कुळाचा मुन्याय शोधतं. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. तो सापडला तर पाहुणा आत. नाही तर दारातच उभा, अनोळखी म्हणून. आणि एकदा आत घेतलेल्याला हे यंत्र कधी विसरत नाही, असं तापुवा म्हणायचा. माणसं विसरतात.

तापुवाने गोळा केलेले सगळे ड्रायव्हर एका कप्प्यात ठेवले होते. त्या कप्प्याचं नावच ‘मुन्याय’ होतं. ते नाव शुवायने दोनदा वाचलं. तिने एक बसवून पाहिला, तो लागू पडला नाही. दुसराही नाही. आता अर्धवट बसलेले काढून टाकायला हवे होते, म्हणून तिने उपकरणांची यादी उघडली आणि लपलेली नावंही दाखवायला सांगितलं.

नावं आली. आता जोडलेली ठळक, आणि पूर्वी कधीतरी येऊन गेलेली फिकट, राखेच्या रंगाची. चर्चचा कीबोर्ड. डावं बटण तुटलेला माउस. शुवायचा स्वतःचा जुना फोन. आणि त्याखाली, तापुवाचा फोन.

तो फोन त्याच्याबरोबर खाली गेला होता.

तिला फक्त बघायचं होतं. शेवटचा कधी जोडला होता, कुठल्या संध्याकाळी तो इथे या खुर्चीत बसला होता, तेवढंच. तिने नावावर टिचकी मारली आणि तपशील उघडला.

शेवटचं आगमन, चौदा मे. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

दरड तीन मेला पडली होती. बोकडाचं डोकं सहाला पुरलं होतं.

शुवायने आधी घड्याळ तपासलं. जुन्या यंत्रांची घड्याळं फसवतात, पण फसवतात तेव्हा वर्षंच्या वर्षं मागे जातात. हे तिच्या फोनशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. दुसऱ्या कुणाचा फोन? पण क्रमांक तोच होता, आणि दोन उपकरणांना एक क्रमांक नसतो. मग तिने यंत्राची रोजनिशी उघडली. काय आलं, काय गेलं, याच्या ओळी यंत्र स्वतःशीच लिहून ठेवतं, कुणी विचारो न विचारो.

तीन मेपर्यंत रोजच्या नोंदी होत्या. आला, पाच दहा. गेला, पहाटे साडेचार. तीन, चार, पाच मेच्या संध्याकाळी काही नाही. त्या तीन दिवसांत माणसं वरून उपसत होती.

सहा मे, आला. सात मे, आला. रोज पाच दहालाच. आला की थोड्या वेळाने गेला. अशा नऊ संध्याकाळी. नवव्या ओळीत फक्त आल्याची नोंद होती. गेल्याची नव्हती.

“तेते,” तिने हळू हाक मारली. “मागच्या मेमध्ये… डोकं पुरल्यानंतर… या घरात कोण कोण होतं?”

तेते पडद्यावरचं वाचत नव्हती, पण शुवायचं तोंड पाहत होती. ती उठली, दार लोटून घेतलं आणि चटईवर खाली बसली. मग जे सांगितलं ते भिंतीकडे बघत सांगितलं.

दफनाच्या संध्याकाळी घर भरलेलं होतं. शुवाय आणि इतर पोरी तेव्हा ओढ्यावर भांडी घासायला गेल्या होत्या. अमाय चुलीपाशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, आला तो. बायकांनी तिला धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाहुणे गेले, तरी रोज त्याच वेळेला ती म्हणायची, आला, आणि जेवणाचं एक ताट वेगळं काढायची. तेतेला वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय. बाबामुकुरुंनी सगळ्यांना ताकीद दिली, तिला काय ऐकू येतं ते विचारायचं नाही. नवव्या दिवशी ती ताट घेऊन या खोलीकडे निघाली, तेव्हा त्यांनी पुढे होऊन बॅटरीची वायर उपटली आणि यंत्रावर कापड टाकलं. त्यानंतर अमाय कधी काही म्हणाली नाही.

“आणि विवर?” शुवायने विचारलं. “उपसणं कुणी थांबवलं?”

तेतेने मांडीवरचं कापड सारखं केलं.

“पाणी चढत होतं, पोरी. दोघांचे पाय मोडले होते. दुसऱ्यांचीच लेकरं ना तीही… मुकादमाने निरोप धाडला, घरच्यांनी काय ठरवलंय? पुरलंत, की अजून खणू?” तेते थांबली. “तुझ्या काकाने सांगितलं, पुरलं. मग त्यांनी माती लोटली. ज्याचं घरच थांबलं, त्याच्यासाठी परकी माणसं किती दिवस खणणार?”

शुवाय मनात सारखी तेच तीन दिवस मोजत होती. वरून फावड्यांचा आवाज येत होता तोवर तो घरी आला नव्हता. तो थांबला होता. आवाज बंद झाला, त्या संध्याकाळपासून तो येऊ लागला.

तेवढ्यात दोन सूर वाजले. एक खालचा, एक वरचा.

शुवायने प्रिंटरकडे पाहिलं. तो होता तिथेच, पिवळ्या त्रिकोणासह. पुढच्या बाजूच्या, फोन जोडायच्या खाचेत काहीच जोडलेलं नव्हतं. तिने बोट लावून पाहिलं. खाच रिकामी होती, गार होती. पडद्याच्या कोपऱ्यात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

यादीतलं राखेचं नाव ठळक झालं होतं. शेजारी एक छोटी बॅटरी आणि तिच्यात आकडा. तीन टक्के.

दार उघडलं. अमाय उभी होती, हाताला पीठ लागलेलं. ती कुणाकडे न बघता कोपऱ्याकडे बघत होती. घाबरलेली मुळीच दिसत नव्हती, आणि तेच शुवायला सोसलं नाही.

“तुझा बरा गेला असेल,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “तर माझाही बरा गेला.”

मग शुवायला म्हणाली, “काढू नकोस हं. भरू दे. त्याचा दिवा संपतो.”

तिघी चटईवर बसल्या आणि त्या आकड्याकडे बघत राहिल्या. खोलीत ओल्या मातीचा वास होता, पण तीन दिवस सगळ्या गावातच तो होता. तीनचे चार झाले. चारचे पाच. शुवायला कळत होतं की हे खरं असू शकत नाही, आणि तरी आकडा वाढला की तिच्या छातीतून श्वास सुटत होता. तो आपल्याला भेटायला येत नव्हता. त्याला काही सांगायचं नव्हतं. त्याला फक्त उजेड हवा होता, तो जिथे होता तिथे, आणि उजेड मिळायची जागा त्याला एवढी एकच ठाऊक होती.

सहा टक्क्यांवर पंख्याचा आवाज बदलला. ट्रकची बॅटरी बसत चालली होती. तीन दिवस ऊन नव्हतं. तेतेने एक शब्द न बोलता आपल्या चौकोनी पोराची वायर काढली. अमायने उठून त्याच बॅटरीवरचा दिवा मालवला. शुवायने पडद्याचा उजेड कमी केला, आणखी कमी केला, दिसेनासा होईपर्यंत. सात. आठ.

नवावर यंत्र बंद पडलं.

अमाय अंधारात थोडा वेळ बसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ताट वाढायला गेली.

सकाळी उजाडल्यावर शुवायने बॅटरी सोडवली, हातगाडीवर घातली आणि वाण्याच्या दुकानात जनरेटरवर चार्ज करायला नेऊन ठेवली. परत आली तेव्हा ढोल वाजू लागले होते. गुरांच्या गोठ्यामागे, त्या छोट्या मातीच्या उंचवट्याभोवती गावातले सगळे थोरले जमले होते. धुकं अजून उठलं नव्हतं. माणसं कमरेपर्यंतच दिसत होती.

बाबामुकुरुंनी काठी टेकली आणि खाली बसून टाळ्या वाजवल्या, पोकळ, संथ, मोठ्यांशी बोलताना वाजवतात तशा. बाकीच्या म्हाताऱ्यांनी साथ धरली. मग त्यांनी पूर्वजांची नावं एकेक करून घेतली आणि सांगितलं की तुमचा नातू इथे रानात भटकतोय, त्याला आम्ही आज घरी नेतोय. पहिला घडा बहिणीने ओतायचा असतो. त्यांनी दारूचा घडा शुवायच्या हातात दिला.

“ओत, आणि नाव घे. म्हण, ऊठ, घरी चल.”

शुवायने घडा घेतला. जड होता. ती उंचवट्याकडे बघत राहिली. तिथे गवत उगवलं होतं, आणि कुणाची तरी शेळी ते कुरतडत होती.

“नाही,” ती म्हणाली.

ढोल थांबले. काकांनी आधी तिला समजावलं. माणसं जमलीत, दारू आज ओतली नाही तर नासेल, पूर्वज कोपतील. मग त्यांचा आवाज चढला. नियम म्हणजे नियम, तो शहरात शिकून आलेल्या पोरींना विचारून केलेला नसतो.

“नियमच मोडतेय मी,” शुवाय म्हणाली. “विचारतेय. तो कुठे आहे, बाबामुकुरु?”

काकांनी उंचवट्याकडे बोट दाखवलं.

“इथे बोकड आहे. मी बोकडाला घरी चल म्हणणार नाही. तुम्हाला निरोप आला होता, अजून खणू का म्हणून. तो खाली ऐकत होता. तुम्ही पुरलं म्हणालात, आणि त्यानंतर नऊ दिवस तो रोज घरी येत होता. तुम्ही त्याची वायर उपटलीत.” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “ही दारू मी त्या विवराच्या तोंडावर ओतेन. ती माती उपसून झाल्यावर. त्याच्याआधी या घरातलं कुणी त्याला हाक मारणार नाही. मी मारू देणार नाही.”

तिने घडा खाली ठेवला.

बाबामुकुरुंचे हात टाळीसाठी वर आले होते, ते तसेच राहिले. त्यांच्या मागचे म्हातारे जमिनीकडे बघत होते. कुणी खोकललं नाही, कुणी काठी हलवली नाही. गोठ्यातली गुरंसुद्धा गप्प होती.

आणि त्या शांततेत, धुक्यापलीकडून, जिथे बॅटरी नव्हती त्या घरातून, दोन सूर ऐकू आले. एक खालचा, एक वरचा.

बायकांच्या घोळक्यातून अमाय पुढे आली. सकाळची वेळ होती, सकाळी ते शब्द कुणी म्हणत नाही. ती घराकडे तोंड करून संध्याकाळचेच शब्द म्हणाली.

“तुझा बरा गेला असेल, तर माझाही बरा गेला.”

ती कुणाशी बोलतेय, हे थोरल्यांपैकी कुणीही विचारलं नाही.